गोधडीतलं अभिमनचं अंगडं

नकलेसाठी सुंदरबाईचं बोलणं उचलायला मला फार दिवस लागले. गल्लीतल्या बाकीच्यांचं सोपं. अमीन पिंजारी नाकातून बोलतो. धनसिंग तेली वाक्य संपलं की थुंकतो, त्यामुळे त्याचं वाक्य कुठे संपलं ते आंधळ्यालाही कळतं. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, पहूरच्या शाळेत मास्तर आहेत, ते घरात मीठ मागतात तेही फळ्याकडे तोंड करून मागितल्यासारखं. एवढं धरलं की माणूस उभा राहतो आणि ऐकणाऱ्या बायका पदरात तोंड लपवतात.

सुंदरबाई अशी सापडेना. मग एका दुपारी मी तिच्या ओट्यावर बसून ऐकलं आणि माझ्या ध्यानात आलं, की ती सुईबरोबर बोलते. सुई कापडात शिरली की शब्द थांबतो, वर आली की पुढचा सुटतो.

"हे व माय... धनसिंगभाऊचं मुंडासं... त्याच्या डोक्यासारखंच... आतून विरेल."

हातात सुई घेतली आणि मला सुंदरबाई आली. तिच्यासमोर केली तेव्हा ती इतकी हसली, की दोरा सुईतून निघून गेला. "मेली... माझाच टाका... माझ्यावर घालते," म्हणाली.

ती आणि तिचा नवरा पुनाआबा आमच्या समोरच राहतात. वाघूर नदीच्या काठाला त्यांची थोडी जमीन आहे. दुपारची भांडी आटोपली, की सुंदरबाईच्या ओट्यावर कोणाची ना कोणाची गोधडी पडलेली असायची. खाली जुनं लुगडं, त्यावर विरलेली धोतरं, चार कोपऱ्यांवर चार धोंडे आणि वर चिंध्या. काठाकडून टाके घालत ती आत आत सरकायची. दिवस कलायच्या वेळेला ती गोधडीच्या मधोमध बसलेली दिसायची, तळ्यातल्या बेडकीसारखी. प्रत्येक चिंधी कोणाच्या अंगावरची, हे तिला पाठ. तिची गोधडी अंथरली की अख्खी गल्ली पाठीखाली येते, असं आई म्हणायची.

लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर तिला अभिमन झाला. एकुलता एक. अंगाने लोखंडी, पण त्याला र म्हणता यायचा नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरूनच ओरडत यायचा, "माय, भाकय दे." मी त्याची नक्कल केली की त्याला राग येत नसे. उलट इतर पोरांना बोलावून आणायचा आणि माझ्यापुढे उभा राहायचा. "पमाताई, माजं काढ." काढलं की सगळ्यांकडे असा बघायचा, जसा काही तो पोवाडा त्याच्यावरच रचलाय.

आमच्या घरी माझ्या पाठीवर दोन भाऊ झाले आणि दोघेही पाळण्यातूनच गेले. तिसरा झाला तेव्हा आई त्याच्याकडे बघून हसेचना. आमच्याकडे अशा पोराला नकोसं करून ठेवतात, म्हणजे मरणाचाही त्याच्यावर डोळा जात नाही. सुईणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, टाकून दिलेलं पोर सापडावं तसं परत उचलून आणलं आणि त्याचं नाव उखर्डू ठेवलं. त्याला नवं कापड घालायचं नाही. त्याची गोधडी मागून आणलेल्या चिंध्यांचीच करायची, आणि त्या चिंध्या मागायच्या जगल्यावाचल्या पोरांच्या घरी. जिथलं पोर गेलं असेल त्या घरचा धागाही चालत नाही.

आई कधी कोणाच्या दारी विरजण मागायलाही गेली नव्हती. तेव्हा मात्र पदर पसरून सगळ्या गल्लीभर हिंडली. सुंदरबाईच्या दारात गेली तेव्हा ती आत जाऊन अभिमनचं लाल छिटाचं अंगडं घेऊन आली. नुकतंच त्याला तोकडं झालं होतं.

"वयनी, याच्याहून धडधाकट पोर पहुरात असलं तर सांग मले. काल बैलाच्या शेपटीले लोंबकळला. बैल बसला, हा नाही बसला."

गोधडीही तिनेच शिवली. ते लाल अंगडं बरोबर मध्ये घेतलं, पोराच्या छातीवर येईल असं. त्याचा एक बंद मात्र शिवला नाही, मोकळा ठेवला. "पोराले... चाळा लागते," म्हणाली. आणि खरंच, उखर्डू तो बंद मुठीत धरून झोपायला लागला. बंद सापडला नाही तर रडून घर डोक्यावर घ्यायचा.

मग गेल्या सालचा दसरा झाला आणि मानमोडीचा ताप आला. शाळा बंद झाली. चांगली चालती माणसं संध्याकाळी मान टाकायची. वाघूरच्या बाजूला धूर दिसला नाही असा दिवस जाईना. सुंदरबाई आणि अभिमन दोघंही एकाच खोलीत तापाने पडले होते. अभिमन गेला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. पुनाआबांनी त्याला एकट्यानेच उचलून नेलं, परत आले, आणि घरातली अंथरुणं-पांघरुणं, पोराचे कपडे, त्याचा लाकडी बैल, सगळं गोळा करून नदीकाठी जाळलं. सगळं गावच तसं करत होतं. तापाच्या माणसाची वस्तू घरात राहिली की ताप घरात राहतो, असं म्हणत होते.

ती उठली तेव्हा भिंत धरधरून वळणीपाशी गेली. वळणी रिकामी. कोनाड्यात हात घातला. कोनाडाही रिकामा.

"त्याचं काहीच नाही ठेवलं?"

पुनाआबा उंबऱ्यात बसले होते. "गाव जाळू राह्यलं होतं," ते म्हणाले. "मी बी जाळलं."

हे मी आमच्या ओट्यावरून ऐकलं. एवढं एकच माणसाचं बोलणं आहे, जे मी कधी काढून दाखवलं नाही.

त्यानंतर सुंदरबाईने सुई हातात धरली नाही. कोणी तिच्याकडे गोधडीही आणली नाही. जिचं पोर गेलं, तिच्या हातचा टाका लोकांना नको होता. सगळ्या गल्लीला पांघरूण घालणाऱ्या बाईच्या घरात त्या थंडीत दोन पोती होती, नवरा-बायको तीच पांघरायची. तिचं बोलणंही बदललं. मध्ये कुठे थांबा उरला नाही. पाणी भरलं भाकरी टाकल्या आबा शेतात गेले, असं एका दमात, सपाट. दळण सांडावं तसं. त्याची नक्कल कोणालाही आली असती.

थंडीत आई उखर्डूची गोधडी आमच्या भिंतीवर उन्हात टाकायची. एक दिवस सुंदरबाई पाण्याला निघाली आणि भिंतीपाशी येऊन थांबली. हंडा काखेतच होता. बराच वेळ नुसती बघत राहिली, मग तळवा त्या लाल तुकड्यावर ठेवला. भाकरी भाजली की नाही ते बघायला ठेवतात ना, तसा. मग गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. आई खिडकीतून बघायची. त्यानंतर आमची गोधडी रोजच भिंतीवर पडायला लागली, ओली असो नसो. नाना म्हणाले, "ही गोधडी सुकते तरी किती?" आई म्हणाली, "जाड आहे."

अभिमनची जगात एवढीच एक वस्तू उरली होती आणि ती आमच्या घरात होती.

संक्रांतीला शिंदखेड्याहून फुई आली. फुई म्हणजे नानांची मोठी बहीण, बोलते अहिराणी. ती आली की घरातली मांजरंसुद्धा पदर सावरून बसतात. उखर्डूला तेव्हा खोकला झाला होता. फुईने त्याला मांडीवर घेतलं, गोधडी उलटीपालटी केली आणि लाल तुकड्यावर बोट ठेवलं.

"हाऊ तुकडा कोना शे?"

आईने खरं सांगितलं. आईला खोटं बोलता येत नाही, हा आमच्या घरातला मोठाच दोष आहे.

"मरेल पोऱ्यानं आंगडं, जित्या पोऱ्याना आंगवर?" फुई आईवर ओरडली नाही. ती हळू बोलते तेव्हाच जास्त भीती वाटते. "कमल, तुनी अक्कल कथा गयी व? बठ्ठा गाव जाळी ऱ्हायना, नि तू पांघरी ऱ्हायनी."

"दिलं तेव्हा जिवंत होता तो, अक्का."

"तव्हा व्हता. आते नही ना?" तेवढ्यात उखर्डू खोकला, आणि आईचं तोंड पांढरं पडलं. दोन पाळणे रिकामे झालेली बाई ती. तिच्यापुढे एक खोकला पुरे होता.

फुईने निकाल सांगितला. तुकडा काढायचा आणि चुलीत घालायचा. पण दुसऱ्याच्या हातचे टाके आपण उसवायचे नसतात, तोडणाऱ्याला लागतात. ज्याने घातले त्यानेच काढायचे. म्हणजे सुंदरबाईला बोलवा.

आई तिच्या दारापर्यंत गेली आणि तिथे उभीच राहिली. शेवटी फुईनेच आमच्या ओट्यावरून सांगितलं. सुंदरबाईने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"खरं आहे फुई," ती त्या सपाट आवाजात म्हणाली. "काढाच लागते. मले बी त्याचं भेव वाटू राह्यलं होतं. मीच सांगाले पाह्यजे होतं."

ती सुई घेऊन आली. गोधडी मांडीवर ओढली आणि लाल तुकड्याच्या काठाशी सुईचं टोक घातलं. टाका उचलायचा, दातांनी तोडायचा, पुढचा उचलायचा. फुई समोर सूप घेऊन दादर ज्वारी निवडत बसली, म्हणजे खरं तर पहारा करत. उखर्डू बंदाचं टोक धरून गोधडीच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. आपलं काय उसवलं जातंय हे त्याला माहीत नव्हतं.

थोडे टाके निघाले आणि सुंदरबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पमे, तू त्याचं काढे ना."

मी दोऱ्याचे तुटके तुकडे गोळा करायला लागले.

"काढ."

"हाई काय खूळ शे," फुई म्हणाली. मी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. मग मी काढलं.

"माय, भाकय दे."

सुंदरबाईने मान हलवली. "नाही व. तो माय लांब करे. कोपऱ्यापासून दारालोक पुरला पाह्यजे असा."

मी पुन्हा काढलं. कोपऱ्यापासून दारापर्यंत. "माऽऽय, भाकय दे."

सुई थांबली. फुईच्या सुपातला हातही थांबला.

"हं," सुंदरबाई म्हणाली. "असाच." आणि तिने पुढचा टाका उचलला. "आणि भाकर दिली की... म्हणे ठेचा नको... तोंड भाजते. मी म्हणे... मर्दाले ठेचा लागते. तर म्हणे... मी अजून... मर्द नाही झालो." दातांनी दोरा तुटला. "बाप शेतात न्यायचा तर... ढेकळं खिशात भरून आणे... मले दाखवाले. ही आपली जमीन... म्हणे."

मला सगळ्यात आधी ऐकू आलं ते हेच, की तिचे थांबे परत आले होते. ती बोलत राहिली, सुई वर येईल तशी. अभिमन गेल्यापासून त्याचं नावही तिने काढलं नव्हतं, आणि आता त्याच्याच कपड्याचे टाके तोडता तोडता तो सगळा बाहेर येत होता, नाक कसं पुसायचा इथपर्यंत. डोळ्यांतलं पाणी गोधडीवर पडत होतं, आणि ते ती गोधडीनेच पुसत होती.

तुकडा मोकळा झाला. आईने उखर्डूच्या मुठीतून बंद सोडवला, तसा तो रडायला लागला. सुंदरबाईने अंगडं तळहाताएवढं घडी केलं.

"एवढं मले द्या," ती म्हणाली.

"नही." फुईने सूप पुढे केलं. "मरेल लेकरूनं कापड मायना हातमा ऱ्हायनं ते तिनी कूस उजवत नही. तुना भलासाठेच सांगस. मी काय राक्षसीण शे का? टाक आठे."

सुंदरबाईने हात उचलला नाही आणि पुढेही केला नाही. तिची मूठ गोधडीवर तशीच पडून राहिली.

तेव्हा आई उठली. आत कणगीपाशी गेली, झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात दादरमध्ये घातला. किती खोल ठेवलं होतं कोण जाणे, तिला शोधावं लागलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पुरचुंडी होती. तिने ती सुंदरबाईच्या मांडीवर सोडली. दोन टोपडी होती. एकाला मोती लावलेला. माझ्या दोन भावांची. मला माहीत नव्हतं, नानांना माहीत नव्हतं.

"मीही नाही जाळलं," आई म्हणाली.

फुई तिच्याकडे बघतच राहिली.

"जिवंत पोराच्या गोधडीत हे घालता येत नाही," आई सुंदरबाईला म्हणाली. "मग यांचीच एक शिव. वेगळी. लुगडं मी देते."

"कोनले पांघरशी ती?" फुईने विचारलं.

"कोणालाच नाही."

फुई सूप मांडीवर घेऊन निवडलेलीच दादर पुन्हा निवडत बसली. तिलाही एक मुलगी होती म्हणे, माझ्या जन्माआधी. तिचं काही तिने ठेवलं होतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. दोन दिवसांनी ती शिंदखेड्याला गेली. जाताना आईला एवढंच म्हणाली, "पोऱ्यानी छाती झाकी ठेव."

उखर्डूच्या गोधडीतलं भोक माझ्या जुन्या परकराने बुजवलं. तो कितीतरी संध्याकाळी त्या जागी बोटं फिरवून बंद शोधायचा, मग रडायचा.

समोरच्या ओट्यावर पुन्हा चार धोंडे मांडले गेले. आईचं हिरवं लुगडं खाली, मध्ये लाल अंगडं, त्याच्या दोन बाजूंना दोन टोपडी. एवढ्या मोठ्या लुगड्यावर तीनच चिंध्या. बघवत नव्हतं. एक दिवस मुमताजचाची आली, अमीन पिंजाऱ्याची बायको. मानमोडीत त्यांची मुलगी शहनाज गेली. कपडे, गादी, उशीची खोळ, सगळं जाळलं होतं. तिच्या पदरात मूठभर कापूस होता.

"उसके तकिये की रुई है," ती म्हणाली. "रुई जलाने को इनका हाथ नहीं उठा. पिंजके रख दी."

सुंदरबाईने चिंधी नसलेला एक कोपरा उचलून तो कापूस आत पसरला आणि चाचीच्या हातात सुई दिली. चाचीचे टाके वेडेवाकडे पडले. सुंदरबाईने ते तसेच ठेवले. दुसऱ्याच्या हातचे टाके ती कशी उसवणार?

ती दिवसातून थोडंच शिवायची. घाई नव्हती, गोधडीची वाट बघणारं कोणी नव्हतं. कधी नुसती हात फिरवत बसायची, कधी बोलायची, कधी मला म्हणायची, काढ. मी काढायचे, आमच्या ओट्यावरच्या उखर्डूलाही ऐकू जाईल इतकं लांब. पुनाआबा येता-जाता गोधडीला वळसा घालून जायचे, तिच्याकडे बघायचे नाहीत. एकदा मात्र कोपऱ्यावरचा धोंडा सरकला होता, तो त्यांनी खाली बसून नीट ठेवला. आणि मग गोधडीची कड बोटांनी सारखी करत राहिले, सारखीच होती तरी. त्यांच्या पाठीवर सुंदरबाईने हात ठेवला तेवढाच.

होळी जवळ आली. टाके काठाकडून आत येत येत अंगड्यापर्यंत पोचले. उखर्डू आता चालायला लागला होता, म्हणजे दोन पावलं चालून तिसऱ्याला बसायचा. त्या दुपारी मी आणि आई समोरच्या ओट्यावर सुंदरबाईला दोरे ओवून देत होतो. आई मध्येच चूल बघायला घरी गेली, तेवढ्यात हा गल्ली ओलांडून आला. गोधडीवर चढला, रांगत मधोमध गेला आणि तिथे त्याला लाल बंद सापडला. सुंदरबाईने तो याही वेळी मोकळाच ठेवला होता. उखर्डूने बंद मुठीत धरला, मूठ गालाखाली घेतली आणि झोपला. जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

सुंदरबाई जागच्या जागी ताठ झाली. गोधडीची कड तिच्या हातात होती. ती त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून तिने वर धरून ठेवली, आणि तशीच धरून बसली. तिला त्याला उचलवत नव्हतं आणि ठेववतही नव्हतं. आई परत आली तशी ती म्हणाली, "वयनी, उचल त्याले. ही त्यांची आहे."

आई वाकली. उखर्डूच्या काखेत हात घातले. मग तिची नजर त्याच्या मुठीकडे गेली. मुठीतल्या बंदाकडे, आणि बाजूच्या मोती लावलेल्या टोपड्याकडे. तिला भीती वाटत होती, मला दिसत होतं. पण तिने हात काढून घेतले आणि गोधडीच्या कडेला बसली.

"झोपू दे," आई म्हणाली.

आम्ही बसलो. कोणी टाका घातला नाही. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. मी दोऱ्याचा गुंता सोडवत होते आणि सुंदरबाई खाली बघत होती, तेव्हा आवाज आला.

"माऽऽय, भाकय."

सुंदरबाईने डोळे मिटले. "नको व पमे," ती म्हणाली. "आज नको."

"मी नाही काढलं," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. उखर्डू उठून बसला होता. गालावर टाक्यांचे वळ, तोंडाच्या कोपऱ्यात लाल बंद. तो सगळ्याच बायकांना माय म्हणतो, आणि त्या क्षणी तो तिच्याकडे बघत होता. तिने आईकडे पाहिलं.

"मागतोय तो," आई म्हणाली. "दे."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. दुरडीवरचं झाकण वाजलं. बाहेर आली ती चतकोर भाकर घेऊन. त्याच्यासमोर बसली, तुकडा मोडला, आणि त्याच्या तोंडाशी नेता नेता थांबली.

"ठेचा... नको ना तुले?" तिने विचारलं.

हातात सुई नव्हती, तरी शब्द मध्येच थांबला होता.